आत्मकथन आणि त्यावरील अधिकार

कॅनडातील मेती लेखिका मारिया कॅम्पबेल यांचे ‘हाफब्रीड’ हे आत्मकथन १९७३ साली प्रसिद्ध झाले. मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या संबंधांतून घडलेल्या मेती समाजाला हिणवणारा शब्दच लेखिकेने शीर्षक म्हणून स्वीकारला. सस्कॅचवान प्रांतात सडकेलगतच्या सरकारी जमिनीवर राहणाऱ्या निर्धन मेतींचे जीवन आणि पणजी ‘चीचम’कडून लाभलेला स्वाभिमान यांचे हे चित्रण आदिवासी स्त्रीलेखनाच्या परंपरेत पायाभूत ठरले.

परंतु साडेचार दशके वाचले गेलेले हे पुस्तक लेखिकेने सिद्ध केलेल्या रूपात नव्हते. वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिसाने केलेल्या बलात्काराचे निवेदन प्रकाशकाने कायदेशीर कारवाईच्या धास्तीने, तिच्या संमतीविना वगळले होते. ती पाने मॅकमास्टर विद्यापीठाच्या अभिलेखागारात सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले आणि २०१९च्या आवृत्तीत ती मूळ जागी आली.

दुसरा प्रसंग ‘द बुक ऑफ जेसिका’चा (१९८९). कॅम्पबेल यांच्या जीवनावर ‘जेसिका’ हे नाटक उभे राहिले. त्यात त्यांची भूमिका गौरवर्णीय अभिनेत्री लिंडा ग्रिफिथ्स यांनी केली. त्या निर्मितीतील संघर्ष सांगणाऱ्या या पुस्तकावर नावे दोघींची असली, तरी बरेचसे निवेदन आणि मांडणी ग्रिफिथ्स यांची आहे. कॅम्पबेल यांचा रोष त्यात लपवलेला नाही, हे त्याचे मोल. पण तो रोषही दुसरीच्या चौकटीतून वाचकापर्यंत पोहोचतो, ही त्याची मर्यादा होय.

एका प्रसंगी अनुभव वगळला गेला, दुसऱ्या प्रसंगी तो उचलला गेला. दोन्हीकडे मेती स्त्रीचे जीवन हे कच्ची सामग्री ठरले आणि अंतिम निर्णय इतरांच्या हाती राहिला. भगिनीभावाच्या आवाहनाने ही विषमता मिटत नाही. तथापि, ज्याचे जीवन त्यानेच लिहावे असा नियम केल्यास कल्पनाशक्तीचे क्षेत्रच आक्रसेल. म्हणून कसोटी जन्माची नसून अधिकाराची असावी: संहितेवरील शेवटचा शब्द कोणाचा? मराठीत रूढ असलेल्या ‘शब्दांकना’लाही हा प्रश्न विचारायला हवा.

‘हाफब्रीड’मधील नायिकेच्या पुढील वाताहतीची २०१९पूर्वीची विवेचने आता पुन्हा तपासावी लागतील, त्या वाताहतीमागील एक कारण त्यांच्यासमोर नव्हतेच.