'स्पर्श' : दयेतील कलंक

अपंगत्वाच्या चित्रणात हिंदी चित्रपटाने बहुधा करुणरसाचाच आश्रय घेतला. 'दोस्ती' (१९६४) मधील अंध व पंगू मित्रांची कथा प्रेक्षकांच्या अश्रूंवरच उभी आहे. सई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०) नेमका या अश्रूंनाच आक्षेप घेतो. अंधशाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध मदत स्वीकारतो, दया नाकारतो. तरुण विधवा कविता विवाहास होकार देते, तेव्हा तो होकार प्रेमाचा की त्यागाचा, ही शंका त्याला ग्रासते आणि तो ठरलेला विवाह मोडतो. येथे कलंक हिणवणाऱ्या खलपात्राच्या रूपाने येत नाही. तो अनिरुद्धच्या स्वाभिमानातच मुरलेला आहे. (वैधव्यामुळे कविताही समाजाच्या दयेचाच विषय असावी, हा योगायोग नव्हे.) या सूक्ष्म संघर्षाच्या मानाने शेवटचे मनोमीलन घाईचे वाटते.

नसीरुद्दीन शाह यांच्या अभिनयास राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो यथार्थच होय. परंतु अंधत्वाचे सहजरूप अधिक प्रकटते ते शाळेतील मुलांमध्ये. प्रत्यक्ष अंध मुलांनीच त्या भूमिका केल्या आहेत. त्यांच्या खोड्यांना प्रेक्षकाच्या करुणेची गरज भासत नाही. तथापि दिग्दर्शिकेने कथानकाचा भार सोपविला तो डोळस नटावरच. ही मुले पार्श्वभूमीलाच राहतात.