समाधानाची तिथि : ‘स्मृतिचित्रें’ एक साधन म्हणून

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रां’ची वाङ्मय म्हणून स्तुति पुष्कळ झाली आहे, साधन म्हणून छाननी त्या मानानें थोडी. ख्रिस्ती श्रद्धेनें माणसास समाधान कसें लाभतें, एवढ्या प्रश्नापुरती ती येथें करण्याचें योजिलें आहे. ग्रंथकर्त्रीचें जन्मगांव जलालपूर आमच्या सातपुरापासून दूर नाहीं. नारायण वामन टिळकांचें संस्कृत अध्ययनही नाशकासच झालें. तेव्हां हा विषय या परिसरास परका नव्हे.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. त्यांचे चरित्रकार बहुधा या तिथीस शोधाचा अंत आणि शांतीचा आरंभ मानितात. ‘स्मृतिचित्रें’ या समजुतीस पुष्टि देत नाहींत. त्या एका तिथीनें पत्नीच्या वांट्यास वियोग आला, आप्तांच्या घरचा आश्रय आला, मनाचा क्षोभ आला. पुढें त्या पतीकडे आल्या, त्याही आपलें सोंवळें संभाळूनच. जातिभेद देवाचा नसून माणसानें केलेला आहे, हा निर्णय त्यांनीं स्वतःशीं विचार करून केला. आणि तो बाप्तिस्म्याच्या आधींचा आहे, नंतरचा नव्हे. हा पौर्वापर्यक्रम अभ्यासकांनीं अवश्य ध्यानीं घ्यावा. बाप्तिस्म्याची नोंद दप्तरांत सांपडते. समाधानाची सांपडत नाहीं.

खुद्द टिळकांविषयींही हेंच म्हणावें लागतें. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीं, १९१७ सालीं, त्यांनीं मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. श्रद्धेंत तृप्त असलेला पुरुष संस्थेंत तृप्त नव्हता. या गोष्टीस विसंगति म्हणणारे समाधान आणि स्वस्थता यांत गल्लत करितात.

आमच्या शास्त्रांत संतोष हा पातंजल नियमांपैकीं एक आहे; म्हणजे तो अभ्यासानें साधावयाचा. पौलानेंही फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत, कोणत्याही स्थितींत तृप्त राहणें आपण शिकलों, असेंच सांगितलें आहे. दोहोंकडे शिकणें आहे. भेद बळाच्या उगमाविषयीं आहे : योगी तें आपल्या निग्रहांत शोधतो, पौल तें ख्रिस्ताकडून आलेलें मानितो. टिळकांनीं अभंगाचा सांचा घेतला म्हणून त्यांची भक्ति तुकोबांचीच, केवळ नांव पालटलेली, असें म्हणणारांनीं हा भेद पाहिलेला नाहीं. उलट, तो सांचा निव्वळ बाह्य वेष होता हें म्हणणेंही टिकत नाहीं. तुकोबांचें ऋण टिळकांनीं स्वतःच मान्य केलें होतें.

आतां ग्रंथाचे दोष. तो आठवणींवर रचलेला आहे. प्रसंग आणि लेखन यांत कित्येक ठिकाणीं तीस वर्षांहून अधिक अंतर आहे. पहिला भाग १९३४ सालीं निघाला आणि चौथा लेखिकेच्या निधनानंतर. सनांचा उल्लेख विरळ आहे. शिवाय विनोद इतका स्वाभाविक आहे कीं, दुःखाची खोली वाचकास अनेकदां मागाहून कळते. तथापि याच विनोदास आम्ही प्रमाण मानितों. जी बाई आपल्या सर्वांत कठीण वर्षांकडे पाहून हंसूं शकते आणि पतीचा हेकटपणा न झांकतां त्याच्यावर प्रेम करूं शकते, तिच्या समाधानाची साक्ष कोणत्याही स्तुतिपर चरित्राहून अधिक विश्वसनीय होय. दुसरी साक्ष ‘ख्रिस्तायना’ची. टिळकांच्या हातून दहा अध्याय झाले होते. पुढें चौसष्ट लक्ष्मीबाईंनीं रचिले. शाळेचें शिक्षण नसलेल्या स्त्रीनें हें ओझें केवळ पतिनिष्ठेनें उचललें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

एवढ्यावर निर्णय पुरा होत नाहीं. ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, शरणपुरासारख्या वसाहतींतील दप्तरें आणि खासगी पत्रें यांच्याशीं आठवणी ताडून पाहिल्या पाहिजेत. जुन्या ख्रिस्ती घराण्यांतील कागद पोथ्यांइतकेच जपण्याजोगे आहेत. ते परधर्माचे म्हणून आमच्या संग्राहकांनीं वगळूं नयेत. ते वाळवीच्या मुखीं गेले, तर या प्रांताच्या अंतःकरणाच्या इतिहासाचें एक पान कायमचें कोरें राहील.