शुक्राणूंची शर्यत : एक अपुरे चित्र

फलन शिकवताना वर्गात टांगला जाणारा तक्ता आपल्या परिचयाचा आहे. मोठी गोल अंडपेशी, तिच्याकडे झेपावणारे असंख्य शुक्राणू आणि त्यांतला एक आत शिरलेला. सर्वांत वेगवान तो जिंकतो, असे सोबत सांगितले जाते. आम्हीही असेच शिकलो. आमचा आक्षेप एवढाच, की या चित्रात पोहणे दिसते. योग्य जागी चिकटणे, हे त्याहून नाजूक काम, दिसतच नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हे समजणे अवघड जाऊ नये. संगमनेर, राहाता, राहुरी या भागांत दारी संकरित गाय असलेली घरे पुष्कळ. 'फुले त्रिवेणी' ही तीन जातींच्या संकरातून झालेली गाय तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचीच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी गाय भरवावी, हा नियम तिथे पोराटोरांनाही ठाऊक असतो. माज संपल्यावर सुमारे १० ते १२ तासांनी अंडमोचन होते. तोवर शुक्राणू काय करतात? अंडनलिकेच्या सुरुवातीच्या अरुंद भागात ते भिंतीच्या पेशींना चिकटून थांबतात. वळूच्या वीर्यद्रवातली काही प्रथिने शुक्राणूंवर बसलेली असतात; ती या पेशींवरच्या शर्करांना धरतात. चिकटलेले शुक्राणू जास्त काळ तग धरतात आणि पकड सुटली की पुढे निघतात. ही कसली शर्यत?

अंडपेशीशी पोचल्यावरही तेच. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये 'इझुमो' हे शुक्राणूवरचे प्रथिन दाखवून दिले. ते नसलेल्या उंदरांचे शुक्राणू नीट पोहतात, अंडपेशीचे बाहेरचे कवचही भेदतात, पण तिच्याशी एकजीव होत नाहीत. अंडपेशीवरचा त्याचा जोडीदार, 'जुनो', ब्रिटनमध्ये २०१४ साली सापडला. पहिला शुक्राणू एकरूप झाल्यावर तासाभराच्या आत जुनो अंडपेशीच्या पृष्ठभागावरून नाहीसा होतो. मागून येणाऱ्याला धरायला जागाच उरत नाही. इझुमो हे विवाहासाठी प्रसिद्ध असलेले जपानी देवस्थान, जुनो ही रोमनांची विवाहदेवता. नाव देणाऱ्यांना शर्यत आठवली नाही, लग्न आठवले!

आता हा प्रश्न तक्त्यापुरता का नाही ते पाहू. जर्मनी-ऑस्ट्रियातील फ्लेकफी जातीच्या काही वळूंच्या वीर्यात शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार सारे ठीक होते, तरी त्यांच्या रेतनाला यश दोन टक्क्यांहून कमी. 'टीएमईएम९५' या शुक्राणूवरील प्रथिनाचे जनुक त्यांच्यात बिघडलेले होते, असे २०१४ मध्ये आढळले. तक्त्याच्या हिशेबाने हे वळू विजेते ठरले असते. सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल पाहून कांडी पास करताना असा दोष दिसत नाही. गाय उलटली की शेतकऱ्याचे २१ दिवस जातात, आणि बोल मात्र गाईला लागतो. प्रत्येक उलटण्यामागे हेच कारण असते असे मुळीच नाही. माज ओळखण्यातली चूक, कांडी वितळवण्यातली हयगय, गर्भाशयाचा जंतुसंसर्ग ही कारणे कितीतरी अधिक वेळा भेटतात. पण वेग म्हणजेच क्षमता हे समीकरण शाळेतच पक्के झाले, तर वळूकडे संशयाने पाहण्याचे कुणाला सुचणार?

नवा तक्ता येईपर्यंत शिक्षकांनी जुन्याशेजारी खडूने एक अंडनलिका काढावी, आणि तिच्या भिंतीला चिकटून बसलेले चार-सहा शुक्राणू.