शिक्षक-शिक्षणाच्या परिषदा : वाकस आणि पडदा

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात अध्यापक महाविद्यालयांना तोटा नाही, आणि ‘तंत्रज्ञान व शिक्षक-शिक्षण’ ह्या विषयावरील परिषदांनाही नाही. ह्या परिषदांत जे निबंध वाचले जातात त्यांच्याकडे एक लेखनप्रकार म्हणून कोणी पाहत नाही. तसे पाहिले पाहिजे. समाजात कोण कोणाविषयी बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि कशाविषयी गप्प राहतो, हे कवितेइतकेच शोधनिबंधातूनही कळते. प्रस्थापित कथा-कादंबरीची झाडाझडती आपण घेतली. परंतु ज्या लेखनाच्या आधारे आपल्या मुलांचे शिक्षक घडवले जातात, ते लेखन मात्र आपल्या समीक्षेतून निसटले.

ह्या निबंधाचा साचा ठरलेला आहे. प्रारंभी तंत्रज्ञानाचे युग आल्याची ग्वाही. मग दोन-चार परदेशी व्याख्या. मग आपल्याच महाविद्यालयातील विद्यार्थी-शिक्षकांकडून मोबाइलवर भरून घेतलेली प्रश्नावली, टक्केवारीचे रंगीत तक्ते, आणि शेवटी ‘शिक्षकांनी तंत्रज्ञानाचा अधिकाधिक वापर करावा’ ही शिफारस. सादरीकरणाला मिनिटे मोजकी, प्रश्नांना त्याहून कमी. मोबाइलवर प्रश्नावली भरणारा माणूस मोबाइलधारकच असणार. त्याला मोबाइल उपयुक्त वाटतो हे सिद्ध करण्यासाठी संशोधनाची गरज ती काय? ज्याच्याकडे तो नाही, तो नमुन्यातच येत नाही. म्हणजे बहिष्कृताला निष्कर्षाच्या आधीच बाहेर ठेवण्याची सोय संशोधनाच्या पद्धतीतच झालेली असते.

हे लेखन असे का होते, ह्याचे उत्तर लेखकांच्या बुद्धीत शोधणे अन्यायाचे होईल. ते व्यवस्थेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने परिषदेत वाचलेल्या निबंधाला गुण लावून दिले : आंतरराष्ट्रीय परिषदेला १०, राष्ट्रीय परिषदेला साडेसात. २०१८ च्या नियमावलीने ते खाली आणले. देशातल्या देशात झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीय परिषदेला ३. गुण कमी झाले तरी तराजू तोच राहिला. परदेशातील एखादा वक्ता पडद्यावर दिसला की परिषद ‘आंतरराष्ट्रीय’ होते, ती का, हे ह्या तराजूवरून कळावे. निबंध कोणाला कळावा म्हणून लिहिला जात नाही, तो मोजला जावा म्हणून लिहिला जातो.

ह्या निबंधांच्या शेजारी एक जुना दस्तऐवज ठेवून पाहू. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले ह्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. महाराष्ट्रातील शिक्षक-शिक्षणावरचे ते एक मूलभूत सादरीकरण होय. त्यात जोतीराव आरंभीच आपल्या अनुभवाची सीमा सांगतात : पुणे आणि आसपासची खेडी. त्यापलीकडच्या जगाविषयी ते पोकळ विधान करत नाहीत. मग ते शिक्षकाची जात विचारतात. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि सोवळ्यामुळे ते मुलांपासून फटकून राहतात. म्हणून शक्यतो शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, असे ते सांगतात. प्रशिक्षित शिक्षकाला १२ रुपयांहून कमी पगार नसावा, हेही सांगतात. त्याच्या प्रशिक्षणात शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, अशी त्यांची अपेक्षा आहे.

ही शेवटची अपेक्षा आपण नीट वाचलेली नाही. नांगर आणि वाकस म्हणजे त्या काळचे तंत्रज्ञानच. फरक एवढाच की ते मुलाच्या बापाच्या हातातले तंत्रज्ञान होते. जोतीरावांचा शिक्षक मुलाच्या घरातले अवजार शिकून शाळेत येणार होता. आजच्या निबंधातला शिक्षक बाजारातले अवजार शिकून येतो आणि मुलाच्या घरात ते का नाही म्हणून खंत करतो. ज्ञानाची दिशाच येथे उलटी झाली आहे.

ह्या उलट्या दिशेची किंमत कोण देतो? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातील शहरी घरांपैकी ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय आढळली. ग्रामीण घरांपैकी जेमतेम १५ टक्के घरांत. दोनच वर्षांनी टाळेबंदी आली आणि शाळा फोनमध्ये गेली. कल्याणहून कसाऱ्याची गाडी धरली की आसनगावला शहापूर तालुका लागतो. मुरबाडला एसटीने जावे लागते. येथल्या कातकरी कुटुंबांतील अनेकजण दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि मुले त्यांच्यासोबत जातात. परिषद भरते तिथून ही वस्ती दोनेक तासांच्या अंतरावर, पण निबंधात ती येत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले. मूल गुरे राखायला गेले तर शाळा कुरणात गेली. त्या शिक्षणविचारावरही आपण आपले प्रश्न जरूर विचारू. परंतु मुलाच्या जगण्याप्रमाणे शाळा हलते, हे तेथे शिक्षकाला शिकवले गेले, एवढे मान्य करावेच लागेल.

ह्याचा अर्थ यंत्राला विरोध असा नव्हे. यंत्राची भीती आपल्याला परवडणारी नाही. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा ह्या आदिवासी पाड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेने डिजिटल शाळा म्हणून राज्यभर नाव मिळवले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम त्यामागे होते. दोन्ही ठिकाणी काम करणारा माणूस जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक होता. परंतु यंत्र स्वतःहून टिकत नाही. पुण्यात १९८४ साली शैक्षणिक चित्रफितींसाठी ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि २०१७ साली ती बंद पडली. त्याच वर्षी केंद्राने ‘दीक्षा’ हा नवा मंच आणला. साधन बदलले की मागच्या साधनाचा हिशेब कोणी देत नाही.

आणि ज्या ठिकाणी तंत्रज्ञान आपल्या विद्यार्थी-शिक्षकाच्या आयुष्याला थेट भिडते, ते ठिकाण तर ह्या निबंधांना दिसतच नाही. खाजगी अनुदानित संस्थांत देणगीशिवाय नेमणूक नाही, हे डी.एड., बी.एड. झालेल्या आपल्या मुलांना कोणी सांगावे लागत नव्हते. २०१७ साली शासनाने शिक्षक भरतीसाठी ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली आणली. चाचणीचे गुण आणि बिंदुनामावली उघड्यावर येण्याची शक्यता निर्माण झाली. मात्र खाजगी संस्थांना मुलाखतीसह भरतीचा पर्याय राहिलाच. यंत्राने दार उघडले आणि मुलाखतीच्या खोलीत पुन्हा माणसे बसली. त्या खोलीत काय होते? बिंदुनामावली प्रत्यक्षात पाळली जाते काय? २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. ते जादा वर्ष मजुराच्या मुलीने कशावर काढले? तंत्रज्ञान आणि शिक्षक-शिक्षण ह्यांचा संबंध तपासायचा तर निबंध ह्यावर हवेत.

मग ह्या परिषदांना आपण जावे की नाही? १८८५ साली रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. त्याच जोतीरावांनी तीन वर्षांपूर्वी सरकारी आयोगापुढे मात्र निवेदन दिले होते. हा विरोधाभास नाही. जिथे आपल्याला केवळ शोभेसाठी बोलावतात तिथे नकार, आणि जिथे निर्णय होतो तिथे निवेदन, असा तो विवेक आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आपल्या तरुण प्राध्यापकाला गुणांची गरज आहे, आणि त्या व्यासपीठावर त्याचे उभे राहणे हीच पिढ्यांच्या संघर्षाची कमाई आहे. त्याला ‘जाऊ नको’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याने जावे, पण साचा घेऊन जाऊ नये.

त्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान २० आठवडे शालेय अनुभवाचे असतात. ते महाविद्यालयाशेजारच्या नामांकित शाळेत काढण्याऐवजी त्यातले काही आठवडे पालिकेच्या शाळेत, शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळेत, वीटभट्टीवर काढण्याचा आग्रह विद्यार्थी संघटनांनी धरावा. तेथे जे दिसेल त्यावर निबंध लिहावा, मराठीत लिहावा, आपल्या पाहणीची सीमा आरंभीच सांगावी, मुलांची आणि शिक्षकांची जात, पगार आणि नेमणुकीचा प्रकार लपवू नये. कार्यकर्त्यांनी सभागृहात बसून प्रत्येक वक्त्याला एवढेच विचारावे : तुमच्या नमुन्यात कोण नव्हते? आणि परिषद संपल्यावर तो निबंध प्रमाणपत्रासोबत कपाटात न ठेवता शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर निवेदन म्हणून ठेवावा, आणि त्याची पोच घ्यावी.