'ताबा सुटला' : एका वाक्याची समीक्षा

माझ्याजवळ एका जिल्हा दैनिकाचे पिवळे पडलेले कात्रण आहे. १९९९ च्या जानेवारीतले. बातमी एवढीच : भरधाव वेगाने जाणाऱ्या ट्रकवरील चालकाचा ताबा सुटल्याने उसाने भरलेला ट्रक घाटात उलटून एक मजूर ठार, तर पाच जण जखमी झाले. हा 'एक मजूर' म्हणजे माझा चुलता. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. जखमी झालेल्या पाचांमध्ये माझे वडील होते. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि गावी आजीजवळ राहून शाळेत जात होतो.

पुढे मी शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, आज महाविद्यालयात मराठी शिकवतो. सुट्टीत घरी गेलो असता एकदा हे कात्रण वडिलांना वाचून दाखवले. 'भरधाव' या शब्दापाशी त्यांनी मला थांबवले. म्हणाले, "गाडी पळत नव्हती रं, रांगत व्हती. चढ व्हता."

त्या दिवसापासून ही बातमी मी एक वाचक म्हणून नव्हे, तर समीक्षक म्हणून वाचू लागलो. समीक्षा म्हटली की आपण कविता, कथा, आत्मकथन हाती घेतो. आपल्या चळवळीने आत्मकथनांची समीक्षा उभी केली, प्रस्थापितांच्या सौंदर्यशास्त्राला प्रश्न विचारले. परंतु आपल्या माणसांविषयी रोज छापले जाणारे आणि सर्वांत जास्त वाचले जाणारे गद्य कोणते, याचा विचार आपण केला आहे काय? ते गद्य म्हणजे अपघाताची बातमी. तिचीही एक ठरलेली शैली आहे. तिच्यातील वास्तव कितपत खरे, हे तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

प्रथम व्याकरण पाहू. ताबा सुटला, ट्रक उलटला, मजूर दबले, ठार झाले. सगळी क्रियापदे अकर्मक. कोणी काही केले, असे एकाही वाक्यात नाही. गाडीत किती माल भरला, कोणी भरायला लावला, मालावर माणसे कोणी बसवली, रस्ता कोणी बांधला, यांपैकी कोणाचाही कर्ता म्हणून प्रवेश होत नाही. 'किरकोळ कारणावरून वाद होऊन मारहाण' या बातमीत वस्तीवरचा हल्ला जसा विरघळून जातो, तशीच ही रीत आहे. आणि 'ताबा सुटला' हे मुळात कारणच नाही. उलटणाऱ्या गाडीवर ताबा नसतोच. ताप का आला, तर अंग गरम झाले म्हणून, असे सांगण्यासारखे हे आहे.

आता 'भरधाव' या शब्दाकडे येऊ. पूर्ण भरलेला उसाचा ट्रक घाट चढत असताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालतो. बरोबरीने माणूस चालू शकेल, असा त्याचा वेग. वडिलांच्या सांगण्यानुसार गाडी चढावर थांबली, मागे सरकू लागली, मागचे चाक साइडपट्टीवरून खाली उतरले आणि गाडी कलंडली. मग चढावर भरधाव ट्रक बातमीत आला कोठून?

याचे उत्तर मला फिर्यादीची नक्कल वाचल्यावर मिळाले. त्यात लिहिले आहे की चालकाने वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालविले. महाराष्ट्रातील अपघाताच्या फिर्यादी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे वाक्य तोंडपाठ असेल. भारतीय दंड विधानाच्या कलम २७९ आणि ३०४-अ खाली गुन्हा नोंदवायचा तर चालकाची हयगय किंवा अविचार दाखवावा लागे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १०६ आली, पण मुळातली अट तीच राहिली. म्हणजे 'भरधाव' हे कोणाचे निरीक्षण नाही. ती कलमाची गरज आहे. ठाण्यातून तो शब्द तालुक्याच्या वार्ताहराकडे जातो. वार्ताहर बिचारा किरकोळ मानधनावर काम करणारा, घटनास्थळी पोचायला त्याच्याजवळ ना वेळ ना भाडे. तो फोनवरून माहिती घेतो आणि सकाळी आपण ती सत्य म्हणून वाचतो. आमच्या प्रकरणात तर फिर्यादी माझे वडीलच होते. त्या कागदाखाली त्यांचा अंगठा आहे. जे त्यांनी पाहिले नाही, ते त्यांच्याच नावावर लिहिले गेले आणि त्यांना वाचता येत नव्हते.

कोणी म्हणेल, सपाट रस्त्यावरचे ट्रक तरी वेगानेच उलटतात ना? येथे थोडे गणित करावे लागेल. वळणावर गाडी उलटणार की नाही, हे केवळ वेगावर ठरत नाही. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर, मालासकट गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि वळण किती आवळलेले आहे, यांवर ते ठरते. चाकांमध्ये २ मीटर अंतर आहे आणि वळणाची त्रिज्या ४० मीटर आहे, असे समजा. वजनाचा मध्य २ मीटर उंचीवर असेल तर गाडी ताशी सुमारे ५० किलोमीटरला उलटण्याच्या बेतात येते. माल चढवून तोच मध्य अडीच मीटरवर नेला की ही मर्यादा ४५ वर येते. हा हिशेब स्प्रिंग आणि टायर जराही दबत नाहीत, माल जराही सरकत नाही असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात स्प्रिंग कलतात, मोळ्या सरकतात, रस्त्याचा उतार वळणाच्या उलट्या बाजूला असतो, मध्येच खड्डा येतो. मग ही मर्यादा आणखी खाली उतरते. ज्या वेगाला मोटारीत बसलेला माणूस संथ म्हणेल, त्या वेगाला उंच भरलेला ट्रक आडवा होऊ शकतो. भरधाव असण्याची गरजच नाही.

तेव्हा खरा प्रश्न वेगाचा नसून उंचीचा आणि वळणाचा आहे. उंची वाढते कारण खेपा कमी करायच्या असतात. खेपा कमी म्हणजे डिझेल कमी, भाडे कमी. उंचीमागे कोणाचा तरी हिशेब असतो, आणि त्या हिशेबाच्या माथ्यावर आमची माणसे बसलेली असतात.

वळणाचे म्हणाल तर एक उदाहरण देतो. १० एप्रिल २०१८ रोजी पुणे-सातारा महामार्गावर खंबाटकी बोगद्याच्या पुढे मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटला. कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यातून कामासाठी आलेले १८ जण मेले. 'चालकाचा ताबा सुटला' हे त्याही वेळी वाचायला मिळाले. परंतु बोगद्यापुढचे ते एस आकाराचे वळण अपघातांसाठी आधीपासून कुप्रसिद्ध होते. पुढे तेथे नव्या बोगद्याचे काम हाती घेताना हे धोकादायक वळण टाळणे हा एक उद्देश म्हणून सांगितला गेला. म्हणजे बोगद्याचे समर्थन करताना वळण दोषी, आणि माणसे मेल्यावर चालक दोषी! एकाच रस्त्याची ही दोन वाचने आपण शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत.

२०२१ या एकाच वर्षातल्या आणखी दोन घटना घ्या. फेब्रुवारीत जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि किमान १५ मजूर मेले. त्यांतले बहुतेक रावेर तालुक्यातले. ऑगस्टमध्ये सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना घेऊन जाणारा टिपर उलटला. त्यात लोखंडी माल होता. १३ मजूर त्याखाली गेले. मालवाहू गाडीत, मालाबरोबर माणसे का होती? बातमी सांगते, 'मजूर प्रवास करीत होते.' जणू ते कोठे सहलीला निघाले होते! काम संपल्यावर मजुराला परत पोचवण्यासाठी वेगळी गाडी द्यायची नाही, ही कामाचीच अट असते. माझे वडील आणि नाना रात्री शेवटची खेप भरून उसावर बसले, कारण त्यांच्या कोप्या कारखान्याजवळ होत्या आणि फड तेथून लांब होता. मुकादमाची उचल अंगावर होती. पहाटे पुन्हा कोयता घ्यायचा होता. चालत कोण जाणार?

'प्रवास' हा शब्द निरुपद्रवी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४७ नुसार मालवाहू गाडीत मालकाच्या कामावर असलेला कामगार विम्याच्या संरक्षणात येतो. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधीही त्यात आला. परंतु मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात ठरवले. तेव्हा मेलेला माणूस 'कामगार' होता की 'प्रवासी', या एका शब्दावर त्याच्या विधवेचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. नानांच्या कागदात 'ट्रकवर बसून प्रवास करणारा इसम' असे होते. मोळ्या वाहून ज्याच्या मानेला घट्टे पडले होते, तो कागदावर प्रवासी ठरला. दावा टिकला नाही. चुलती पुढची वीस वर्षे ऊस तोडत राहिली.

आणि हे वाक्य येथेच थांबत नाही. ते आकडा होते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली आणि त्यांतील ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. हे आकडे पोलिसांच्या नोंदींतूनच वर जातात. चढावर रांगणारा आमचा ट्रकही त्या वर्षीच्या अशाच एखाद्या टक्केवारीत भरधाव म्हणून बसला असेल. मग या आकड्यावरून तज्ज्ञ निष्कर्ष काढतात की चालकांचे प्रबोधन केले पाहिजे. रेल्वेच्या मोठ्या अपघाताची चौकशी करायला रेल्वे सुरक्षा आयुक्त असतो आणि तो रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो. विमान पडले तर वेगळी यंत्रणा आहे. टेम्पोखाली १८ मजूर गेले तर मात्र ठाण्याचा हवालदार आणि पंचनाम्याचे दोन कागद. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या सदोष रचनेसाठी ठेकेदाराला किंवा संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ट्रक उलटल्याच्या बातमीत या कलमाचा उल्लेख मी आजवर वाचलेला नाही.

चालक निर्दोष असतो, असे माझे म्हणणे नाही. दारू पिऊन चालवणारे आहेत, पैजेने पळवणारे आहेत. परंतु सलग जागरण करणारा, दोन खेपांऐवजी तीन मारायला लावलेला चालक बहुधा आपल्याच वस्त्यांमधला असतो. त्याला एकट्याला कर्ता करून बाकी सगळ्यांना अकर्मक क्रियापदांमागे लपू देणे, हा न्याय नव्हे.

या संदर्भात बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक अपघात मला वारंवार आठवतो. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये खानदेशातून मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले होते. महारवाड्यात जायला टांग्याची वाट पाहत बराच वेळ गेला, कारण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला कोणी टांगेवाला तयार नव्हता. अखेर टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच एकाने तो हाकला. त्याला हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक दगडाला लागले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा-टांगा नदीत गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे. आजच्या पद्धतीने याची बातमी करायची तर काय होईल? 'चालकाचा ताबा सुटल्याने टांगा उलटून एक जखमी.' यातला एकही शब्द खोटा म्हणता येणार नाही, आणि तरीही त्यात सत्याचा लवलेश नाही. बाबासाहेबांनी हाकणाऱ्यावर बोट ठेवले नाही. त्या अननुभवी माणसाच्या हाती लगाम का आला, ते त्यांनी सांगितले. टांगा उलटवला तो अस्पृश्यतेने. अपघाताचे वाचन कसे करावे, याचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

तो धडा आपण गिरवायला हवा. माझ्या वर्गात मी दरवर्षी मुलांना अशी एक बातमी देतो आणि तिच्यात नसलेले प्रश्न लिहायला सांगतो. चढ होता की उतार? काट्यावरच्या पावतीत वजन किती? चालक किती तासांपासून जागा होता? मजुरांना वर बसायला कोणी सांगितले? ते कोणाच्या कामावर होते? ही माहिती वार्ताहराला मिळत नसेल तर कार्यकर्त्यांनी ती मिळवावी, फोटो काढून ठेवावेत, जखमींचे जबाब त्यांच्याच शब्दांत लिहिले जातात की नाही, हे पाहावे. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा दाखल करायला आता सहाच महिने मिळतात, हेही मृताच्या घरी जाऊन सांगावे. मुख्य म्हणजे पंचनामा होत असताना वाचता-लिहिता येणारा आपला एक माणूस तेथे उभा असावा.

१९९९ साली त्या घाटात असा कोणी नव्हता. वडील आज सत्तरीत आहेत. फिर्यादीचा तो कागद मी त्यांना पुन्हा वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी त्यावरचा आपलाच अंगठा बराच वेळ निरखला आणि विचारले, "ह्ये आता खोडता येतंय का?" कायद्याने ते आता शक्य नाही, असे मला त्यांना सांगावे लागले. म्हणून ते मी येथे लिहून खोडत आहे.