पाण्याची बादली, लग्गी आणि त्रिलोक गुर्टू

आमच्या ऊर्जानगरात रात्री दहानंतर पाय मोकळे करायला सहसा कुणी बाहेर पडत नाही. चोरांची भीती नाही, वाघ-बिबट्याची आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. एका अंगाला इरई धरण आणि झुडपी जंगल थेट क्वार्टरच्या भिंतीपर्यंत आलेलं. वर्क फ्रॉम होम मिळाल्यापासून मी पुण्याची खोली सोडून आई-बाबांकडे राहतोय आणि जेवण झालं की हेडफोन लावून बसायची सवय लागलीय. गेल्या दीड वर्षात त्या वेळातला मोठा वाटा एकाच माणसाने खाल्ला. त्रिलोक गुर्टू.

नाव ऐकलं नसेल तर आधी त्यांच्या आईपासून सुरुवात करू. ठुमरी-दादऱ्याच्या मोठ्या गायिका शोभा गुर्टू. बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई नर्तकी होत्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. त्या घरात 1951 साली मुंबईत त्रिलोक जन्मले, तबला शिकले, आईच्या गाण्याला वाजवू लागले. सत्तरच्या दशकात ड्रमसेटकडे वळले आणि युरोपात गेले. डॉन चेरी, ‘ओरेगॉन’ हा ग्रुप, मग जॉन मॅक्लॉफ्लिन. 27 नोव्हेंबर 1989 ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मॅक्लॉफ्लिनच्या त्रिकुटाचा कार्यक्रम झाला, त्याची रेकॉर्ड निघाली आणि जगभरच्या ड्रमर लोकांनी ती घासून घासून ऐकली. तेव्हा गुर्टू अडतीस वर्षांचे होते.

मला मात्र त्या रेकॉर्डबद्दल लिहायचं नाहीये. ती सगळीकडे मिळते आणि तिच्यावर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय पन्नाशीनंतरच्या गुर्टूंबद्दल, त्यांच्या स्वतःच्या बँडबद्दल आणि त्या बँडच्या अशा रेकॉर्डिंगबद्दल जी कुठल्याच कंपनीने काढलेली नाहीत. युरोपातल्या कुठल्यातरी जॅझ महोत्सवाचं रेडिओवर झालेलं प्रक्षेपण कुणीतरी घरी टेप केलं, वीस वर्षांनी यूट्यूबवर टाकलं. पाहणारे तीनशे. शीर्षकात एक साल, खाली वर्णनात दुसरं. व्हिडिओ असेल तर दाढी किती पांढरी झालीय त्यावरून मी अंदाज लावतो. फक्त आवाज असेल तर फाइल स्पेक्ट्रम अॅनालायझरमध्ये टाकतो. 15 किलोहर्ट्झच्या वर एकदम काळोख दिसला की बहुधा एफएमवरून उतरवलेलं, कारण एफएम स्टिरिओ तिथंच कापतं. हा उद्योग संगीताच्या रसग्रहणात मोडत नाही हे मान्य. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांचा एवढा तरी उपयोग व्हावा.

काही रेकॉर्डिंगच्या तळाशी बारीक गुणगुण असते. 50 हर्ट्झ. युरोपची वीज 50 हर्ट्झची, आपलीही तीच. बाबांची पूर्ण नोकरी इथल्या युनिटवर, मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या टर्बाइनपाशी गेली. त्या फेऱ्यांचा हिशेब तोच, सेकंदाला 50. मी एकदा त्यांना हेडफोन दिला. ते गाणं सोडून खालची गुणगुणच ऐकत बसले आणि म्हणाले, “अर्थिंग नीट नाही त्यांचं.”

असो. मुद्दा फंकचा आहे.

गुर्टूंना दुकानात ‘वर्ल्ड म्युझिक’ किंवा ‘फ्यूजन’च्या खणात ठेवतात. हे दोन्ही शब्द आळशी आहेत. भारतीय माणसाने गोऱ्या माणसाबरोबर वाजवलं की झालं फ्यूजन. या उशिराच्या बँडची रेकॉर्डिंग पंधरा-वीसदा ऐकल्यावर माझं मत असं झालंय की हा मुळात फंक बँड आहे. बास गिटार, कीबोर्ड, कधी ट्रंपेट, कधी व्हायोलिन, आणि मधोमध जमिनीवर गुडघे टेकून बसलेला एक माणूस. त्यांच्या ड्रमसेटला स्टूल नाही. पायाने ठोकायच्या नेहमीच्या बेस ड्रमऐवजी जमिनीलगतचा खास बनवून घेतलेला ड्रम, शेजारी तबला-डग्गा, झांजा, घुंगरू, शंखशिंपल्यांच्या माळा.

आता फंक म्हणजे काय, हे दोन ओळींत. जेम्स ब्राऊनने साठीच्या दशकात आपल्या बँडला सांगितलं की मापाची पहिली मात्रा ठोका, बाकी काय वाटेल ते करा. त्याला ते ‘द वन’ म्हणत. 1967 चं ‘कोल्ड स्वेट’ त्या वळणावरचं. गिटार, ट्रंपेट, आवाज, सगळ्यांनी ड्रमसारखं वागायचं. प्रत्येकाला एक छोटा तुकडा. तो सोडायचा नाही, सजवायचा नाही, फक्त पुन्हा पुन्हा ‘वन’वर येऊन पडायचं.

तबला शिकलेल्या कुणालाही हे वाचून सम आठवेल. मलाही आठवली आणि काही महिने मी त्यातच खूश होतो. ‘वन’ म्हणजे सम, झाला लेख. पण बारकाईने ऐकलं की हे जमत नाही. फंकमध्ये ‘वन’ दर मापाला येतो, त्याची वाट पाहावी लागत नाही. तबल्याच्या एकलवादनात सम लांब असते, आणि वादक ती तुमच्यापासून लपवत लपवत नेतो. तिहाई घेऊन अचानक हातात ठेवतो. एकात ताबडतोब सुख आहे, दुसऱ्यात उधारी. ही दोन सुखं एका बँडमध्ये कशी नांदतात?

उत्तर मला लग्गीत सापडलं.

ठुमरी ऐकली असेल तर शेवट आठवा. संथ दीपचंदी किंवा जतमध्ये गाणं चाललेलं असतं, शब्दांशी खेळ चाललेला असतो. मग एका क्षणी तबला दुप्पट लयीत जातो. गाणारी बाई मुखडा धरून थांबते आणि तबलजी केरव्याच्या अंगाने छोटे छोटे तुकडे फिरवायला लागतो. एक तुकडा घ्यायचा, चारदा वाजवायचा, एखादा बोल बदलायचा, परत चारदा. खाली डग्ग्याची घिस्स. श्रोत्यांच्या माना हलायला लागतात. ती लग्गी. थोड्या वेळाने सगळं पुन्हा मूळ संथ लयीत उतरतं.

छोटा तुकडा, पुनरावृत्ती, खालच्या स्वराचं गुरगुरणं, मान हलवणारी मात्रा. फंकची व्याख्या यापेक्षा फार वेगळी करता येईल असं मला वाटत नाही. शोभाताईंच्या गाण्याला वाजवणाऱ्या मुलाच्या हातात हे लहानपणापासून असणार. त्याला अमेरिकन रेकॉर्ड ऐकून हादरा बसला असेल, पण ती भाषा परकी वाटली नसेल. गुर्टूंनीच 1995 च्या एका टीव्ही कार्यक्रमात सांगितलं होतं की पाश्चात्त्य संगीत ऐकताना ओव्हरडबिंग नावाची गोष्ट असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. रेकॉर्डवर एकावर एक चढवलेले थर त्यांना एकाच वेळी वाजवल्यासारखे वाटत, म्हणून ते सगळे स्वतःच शिकत बसले. मला हा किस्सा फार आवडतो. अपुऱ्या माहितीवर चांगला कोड लिहिला गेल्याचं हे विरळ उदाहरण.

इथं थोडं माझं. नववीपर्यंत मी कॉलनीतल्या एका सरांकडे तबला शिकलो. प्रवेशिकेपर्यंत परीक्षा दिल्या. कायदे, रेले, तुकडे, सगळं वहीत. लग्गीचा विषय निघाला की सर म्हणायचे, “ते हलकं काम, कोठ्यावरचं. आधी पेशकार नीट कर.” त्यात राग नव्हता, त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं. दुसरीकडे गणपती विसर्जनाला दुर्गापूरच्या रस्त्यावर धुमाल यायची. ट्रकवर जनरेटर, स्पीकरच्या भिंती, कीबोर्ड, पॅड, आणि त्यापुढे अख्खी वस्ती नाचतेय. तिथं तर ‘हलकं’ हा शब्दही अपुरा पडायचा. मी दोन्हीकडे जायचो आणि दोन्हीकडे गुन्हेगार वाटायचं. दहावीत तबला सुटला. कारण अभ्यासाचं सांगितलं होतं.

म्हणून गुर्टूंची ही रेकॉर्डिंग मला नुसती आवडली नाहीत, त्यांनी जुना हिशेब उकरून काढला. या बँडमध्ये बास गिटारवाला एक तुकडा धरून बसतो, तो फंकचा. त्याच्यावर गुर्टू डग्ग्याने मींड काढतात, ती ठुमरीची. दोघांपैकी कुणीही कुणाची शोभा वाढवायला आलेला नाही. आणि मात्रा सात किंवा नऊ असल्या तरी पाय हलतोच. बहुतेक लोक सात मात्रांत फंक वाजवायला जातात आणि गणिताचा तास होतो. इथं मोजावं लागत नाही. मी मोजायला बसलो की चुकतो, सोडून दिलं की बरोबर समेवर मान पडते.

तरुणपणीच्या आणि या वादनात फरक आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे. 1989 च्या रेकॉर्डवर त्यांचा हात कुठलीच जागा रिकामी ठेवत नाही. मॅक्लॉफ्लिन एक वाक्य बोलतात तर हे दीड. थक्क व्हायला होतं, आणि तिसऱ्यांदा ऐकताना थोडं दमायलाही. पन्नाशीनंतर ते थांबतात. दोन-दोन मापं नुसती एक झांज, मग काहीच नाही, मग डग्ग्यावर एक ‘घे’. वय झालं म्हणून वेग गेला, असं कुणी म्हणेल. पण त्याच कार्यक्रमात पुढे बोल म्हणताना जीभ जशी पळते ते ऐकलं की वेग गेलेला नाही हे कळतं. तो खिशात आहे, काढायची घाई नाही.

याच काळातले स्टुडिओ अल्बम मला मात्र तितके भावत नाहीत, आणि हे स्पष्ट म्हणायला हवं. गुर्टूंना पाहुणे बोलावण्याची हौस. 2000 च्या ‘आफ्रिकन फँटसी’मध्ये अँजेलिक किजो आहेत, ऊमू सांगारे आहेत. 2013 चा ‘स्पेलबाउंड’ डॉन चेरींच्या आठवणीत केलेला, त्यात ट्रंपेटवाद्यांची रांग. सगळे मोठे लोक. पण दर गाण्याला नवा पाहुणा आला की यजमान चहाच करत राहतो. तबला मागे सरकतो, आवाज गुळगुळीत होतो. रात्रीमागून रात्री एकत्र वाजवलेल्या चार-पाच जणांमध्ये जी उद्धट जवळीक येते ती तिथं नाही. ती या खरखरीत, कापलेल्या, अर्धवट रेकॉर्डिंगमध्ये आहे. यातून ‘लाइव्ह तेच खरं’ असा नियम मी काढणार नाही. आईचा आवाज असलेला 1988 चा ‘उसफ्रेत’ स्टुडिओतलाच आणि तो माझ्या पहिल्या तिनात आहे.

लाइव्हमध्येही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. पाण्याची बादली घ्या. गुर्टूंची ही ओळखच. वाजवलेली झांज किंवा शिंपल्यांची माळ बादलीत बुडवायची, आवाज वाकतो, थरथरत खाली जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. पण एकामागून एक सहा कार्यक्रम ऐकले की कळतं, बादली येणार, साधारण याच सुमारास येणार, आणि लोक हसणार, टाळ्या वाजवणार. तसंच प्रेक्षकांकडून बोल म्हणवून घेण्याचा खेळ. सोपा बोल, मग अवघड, मग अशक्य, मग हशा. हॉलमध्ये बसलेल्याला मजा येत असेल, तो एकदाच आलेला असतो. माझ्यासारखा साठवून साठवून ऐकणारा हा त्या कार्यक्रमाचा अपेक्षित श्रोता नाहीच. तरीही एका रेकॉर्डिंगमध्ये, ज्यात चित्र नाही, बादलीचा आवाज कुठलाही हशा न पिकवता येतो. मागे बास थांबलेला. झांज बुडते, आणि तिचा उतरता सूर ठुमरीतल्या एखाद्या लांबवलेल्या शब्दासारखा घसरत जातो. शोभाताई 2004 मध्ये गेल्या. रेकॉर्डिंग त्याआधीचं की नंतरचं, यावर माझं ऐकणं बदलायला नको, पण बदलतं.

ते रेकॉर्डिंग आता नाही. मार्चमध्ये लिंक उघडली तर अकाउंटच बंद झालेलं. तीनशे लोकांनी पाहिलेली गोष्ट, कुणाकडे प्रत असेल? दिवसभर सर्व्हरच्या बॅकअपची कामं करणारा मी, मी डाउनलोड केलं नव्हतं. वाटलं होतं, आहेच की तिथं. हक्कांच्या दृष्टीने ते तिथं असायलाच नको होतं, हेही खरं. ज्याने वाजवलं त्याला त्यातून एक पैसा मिळत नव्हता. मी त्यानंतर दोन सीडी विकत घेतल्या, जर्मनीहून मागवल्या, पोस्टाला पाच आठवडे लागले. त्याने अपराधी भावना कमी झाली, रेकॉर्डिंग परत आलं नाही.

उरलंय ते एवढंच, की मागच्या दिवाळीत मित्राला पाठवायला मी लॅपटॉपच्या स्पीकरसमोर फोन धरून चार मिनिटांचं व्हॉइस नोट केलं होतं. त्यात मध्येच आईची कुकरची शिट्टी आहे.

तेच घेऊन मी परवा तबल्याच्या सरांकडे गेलो. आता त्यांना कमी ऐकू येतं, फोन कानाशी धरून ऐकतात. काहीच सांगितलं नाही, नुसतं लावलं. पहिल्यांदा ते काही बोलले नाहीत. पुन्हा लाव म्हणाले. दुसऱ्यांदा बोटं गुडघ्यावर चालायला लागली, शिट्टीपाशी क्षणभर अडखळली. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“डग्गा ऐकूच येत नाही रे यात. उद्या चांगला स्पीकर घेऊन ये. आणि येताना तुझा तबला आण.”