जवारी कुणी जपून ठेवत नाही

जुन्या इलेक्ट्रिक गिटारबद्दल फोनवर दोन प्रकारच्या गोष्टी सापडतात. पहिली व्हिडिओतली. गंजलेली, धुळीने माखलेली गिटार टेबलावर येते, कुणी काही बोलत नाही, सँडपेपर फिरतो, रंगाचे थर चढतात आणि पंधराव्या मिनिटाला ती शोरूममधून आत्ताच आणल्यासारखी चमकते. दुसरी गोष्ट विक्रेत्यांची. तिथे चमक हाच गुन्हा. ‘ऑल ओरिजिनल’ हा तिथला मंत्र. एखादा स्क्रू बदललेला दिसला तरी भाव उतरतो, आणि पुन्हा रंगवलेली असेल तर विचारूच नका. एका गोष्टीला काळाचा ओरखडासुद्धा चालत नाही, दुसरीला ओरखड्याशिवाय करमत नाही. माझी तक्रार दोन्हींबद्दल एकच आहे: गिटार वाजते का, हा प्रश्न दोन्हींत शेवटी येतो किंवा येतच नाही.

ही तक्रार सुचली ती सांगलीतल्या एका गिटारमुळे. तिचे मालक तरुणपणी साताऱ्यात गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. नंतर गिटार सांगलीच्या घरी कॉटखाली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ते त्या कॉटपर्यंतही आलं. आता नातीला ती वाजवायची आहे. आजोबांना ती आधी ‘ओळखून’ हवी आहे: कोणत्या कंपनीची, कधीची?

ओळखणं म्हणजे खरं तर वाचणं. अमेरिकन गिटार असती तर काम सोपं होतं. आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालचा पॉट उलटा करून आकडा वाचायचा. १३७ ने सुरू होत असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा, आणि पुढच्या आकड्यांत वर्ष आणि आठवडा. तोही पॉटचा जन्म, गिटारचा नव्हे. गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही एवढंच त्यावरून कळतं. शिवाय पॉट नंतर कुणी बदललेला नाही ना, हे डाखाच्या ठिकाणी बघावं लागतं.

या गिटारवर मात्र नावच नाही. डोक्यावर दोन छोटी भोकं आहेत, म्हणजे तिथली पाटी गळून गेली. मानेमागच्या धातूच्या पट्टीवर इंग्रजीत दोनच गोष्टी कोरल्या आहेत: मानेत पोलाद आहे आणि माल जपानचा आहे. साठच्या दशकातल्या कित्येक जपानी गिटारींवर हाच मजकूर असतो. टेइस्को ही १९४६ साली सुरू झालेली टोकियोची कंपनी. १९६७ मध्ये ती कावाईने घेतली. अशा कारखान्यांतून निघालेला माल परदेशातले आयातदार आपापल्या नावांनी विकत. एकाच बाकावर तयार झालेल्या दोन गिटारी दोन आडनावं लावून दुकानात उभ्या राहत. मग जिचं नाव मुळातच बाजाराने ठेवलं होतं, तिचं ‘मूळ नाव’ शोधण्यात कितीसा अर्थ? पिकअपचा आकार, बटणांची मांडणी, शरीराचं लाकूड यांवरून मी एवढंच म्हणू शकलो: साठच्या दशकातली, जपानी, स्वस्तातली. आजोबांचा चेहरा पडला. त्यांना ‘फेंडर’ ऐकायचं होतं.

इथे मला मिरज आठवलं. सांगलीहून अर्ध्या तासावर सतारी आणि तानपुरे घडवणारं गाव. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी एकोणिसाव्या शतकात इथे वाद्यांचं काम धरलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माझ्या मुद्द्याला उपयोगी पडते ती जवारी. सतारीची तार घोडीवर ज्या रुंद, किंचित उतरत्या पृष्ठभागावर टेकते, तिथेच तिचा झंकार जन्मतो. कानसीने तो उतार घासून आवाज खुला, गोल किंवा बंद करतात. तार वाजून वाजून तिथे चरे पाडते, आवाज फाटतो, कारागीर पुन्हा घासतो. हाड झिजत जातं आणि शेवटी नवं बसवतात. म्हणजे आवाज जिथे घडतो तोच भाग खर्ची पडतो. ‘मूळ जवारी शाबूत’ अशी जाहिरात मिरजेत कुणी केली, तर लोक विचारतील, मग ही वाजवलीच नाही का?

गंमत म्हणजे हा झंकार गिटारवाल्यांनी स्वतःच उचलला आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत डॅनइलेक्ट्रोने गिटारवादक व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेवरून कोरल इलेक्ट्रिक सितार बाजारात आणली. वाजवायची गिटारसारखी, पण तार रुंद, सपाट ब्रिजवर टेकून झणझणते. स्टीली डॅनच्या १९७२ च्या ‘डू इट अगेन’मध्ये हाच आवाज आहे. तिने झंकार घेतला, पण त्याच्यामागची कानस घेतली नाही. दर काही महिन्यांनी ऐकून, घासून, पुन्हा ऐकून वाद्य जुळवत राहण्याची सवय कारखान्यातून पाठवता येत नाही. आज या जुन्या कोरल सितारीही ‘ऑल ओरिजिनल’ म्हणूनच विकल्या जातात. जवारीची नक्कल ‘जशीच्या तशी’ जपायची, यापेक्षा मोठा विनोद कुठला?

तरी विक्रेत्यांचं एक म्हणणं मला मान्य करावं लागतं. बदललेली वस्तू साक्ष देणं थांबवते. मान उघडल्यावर खाचेत कुणी पेन्सिलने केलेली खूण, जुना डाख, रंगाचा पहिला थर हे सगळं एकदा घासलं की परत येत नाही. व्हिडिओतला सँडपेपर हेच पुसतो, आणि आपण लाइक देतो. म्हणून माझा नियम असा: ज्यातून आवाज येतो ते खुशाल बदला, ज्यातून गोष्ट कळते त्याला हात लावू नका.

त्या नियमाने काम ठरलं. पिकअपला मल्टिमीटर लावला, कॉइल तुटलेली नव्हती. चुंबक आणि तांब्याची तार एवढ्यावर पिकअप चालतो. त्याला वीज लागत नाही, फक्त वर स्टीलची तार कंपली पाहिजे. गंजलेले पॉट आणि जॅक नवे. झिजलेले पडदे काढून नवे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. गिटारचे खाचेत ठोकलेले, म्हणून ते काढताना लाकडाचे टवके उडू न देणं हेच खरं कौशल्य. काढलेला प्रत्येक भाग एका पिशवीत, वर तारीख.

राहिली पाण्याची रेघ. शरीराच्या खालच्या बाजूला, जॅकच्या वर दोन बोटं, पुराने तपकिरी पट्टा सोडला आहे. आजोबा म्हणाले, ‘‘ते तेवढं घासून टाका.’’ नात म्हणाली, ‘‘आजोबा, राहू दे ना.’’ माझ्या नियमाप्रमाणे ती राहायला हवी. कंपनीची पाटी गळून गेली, पण ही गिटार कुठे होती आणि तिच्या घरात काय घडलं, हे सांगणारी एवढी एकच ओळ तिच्यावर शिल्लक आहे. तीही जपानमध्ये नाही, सांगलीत लिहिलेली. पण तो पट्टा बघताना आजोबांना काय आठवतं, हे कुठल्याही नियमात बसत नाही. म्हणून लाकडाला हात न लावता त्यावर सुटी प्लेट बसवली आहे, चार स्क्रूंची. नातीला हवी तेव्हा तिने काढावी.

पडदे या आठवड्यात बसतील. काही वर्षं रोज वाजवली, तर तेही झिजतील.